मशीनचा परकर

वैद्यकशास्त्राचा इतिहास लिहायचं काम सरकारनं माझ्याकडं सोपवलं असतं, तर पहिलं प्रकरण मी परकरावर लिहिलं असतं. गेल्या शंभर वर्षांत हाडांच्या शस्त्रक्रियेत जी काही क्रांती झाली ती या एका वस्त्रानं केली, हे मी कुठल्याही सभेत छातीवर हात ठेवून सांगायला तयार आहे. कुठलीही सभा मला बोलवत नाही, एवढीच अडचण आहे.

"सिस्टर, परकर!"

माझे मेहुणे डॉ. शांतिनाथ मगदूम ऑपरेशन थिएटरातून असे पहिल्यांदा ओरडले, तेव्हा मी बाहेर बाकावर बसलो होतो. शेजारी एक म्हातारबुवा होते, त्यांची बायको आत होती. ते ताडकन उठले. मी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"तुमच्या मंडळींचा नव्हे," मी म्हणालो. "मशीनचा."

आजऱ्याच्या पुढं, घाट सुरू व्हायच्या आधी, एका ट्रस्टचं हे लहानसं हॉस्पिटल. आता तिथं सगळं आलंय; तेव्हा वीजसुद्धा पाहुण्यासारखी यायची, चहा न घेता जायची. आमचे दाजी तिथले एकमेव सर्जन आणि माझी धाकटी बहीण पद्मा ही डॉक्टरांची एकमेव बायको. हाडाला भोक पाडायचं खास डॉक्टरी मशीन तेव्हा परदेशातून यायचं आणि त्याच्या किमतीत हॉस्पिटलवर आणखी एक मजला चढला असता. ट्रस्टकडं मजल्याचेही पैसे नव्हते. त्यामुळं दाजी बरीच वर्षं हातानं फिरवायच्या गिरमिटानं काम भागवत. मग एकदा घरी पडद्याचा दांडा बसवायला सुतार आला. त्यानं बॅटरीवरचं ड्रिल लावून भिंतीला चुटकीसरशी भोक पाडलं, आणि दाजी भरल्या ताटावरून उठले. सुताराच्या हातातलं मशीन त्यांनी उष्ट्या हातानंच घेतलं.

"पद्मा," ते म्हणाले, "भिंतीपेक्षा मांडीचं हाड मऊ असतं."

"आधी हात धुवा," पद्मा म्हणाली.

मशीन आलं, पण पेच पडला. थिएटरातली प्रत्येक वस्तू वाफेवर निर्जंतुक करावी लागते. सुताराचं ड्रिल वाफेत घातलं तर जंतूंच्या आधी ड्रिलच मरतं. दाजी महिनाभर यावर विचार करत होते. पद्मा लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत होती. बांधता बांधता म्हणाली, "मशीनला दादराच बांधा की. आतलं आत, बाहेरचं बाहेर."

मग तिनं घट्ट विणीच्या हिरव्या कापडाची पिशवी शिवली. शिवण दुहेरी, तोंडाला नाडी. पिशवी वाफेवर निर्जंतुक करायची, मशीन तिच्यात सोडायचं, नाडी मशीनच्या मानेला आवळायची. बाहेर राहायचं ते फक्त वाफेवर टाकून घेतलेलं पोलादी टोक. नाडी बघून रुक्साना सिस्टरनं त्या पिशवीचं बारसं केलं आणि तेच नाव पडलं. एकदा पद्मा माहेरी आली असताना दाजींनी गावातल्या शिंप्याकडून परकर शिवून घेतला होता. त्यानं त्याला हौसेनं खिसा लावला. तेव्हापासून ते काम पद्मानं कुणाच्या हातात दिलं नाही.

आणि तिचा एक कायदा होता. प्रत्येक धुण्यानंतर परकर तिच्याकडं यायचा. ती तो वॉर्डाच्या मोठ्या खिडकीत उजेडावर धरायची. "पास" म्हणाली तर वाफेवर. उजेडाचा एक ठिपका जरी दिसला तरी "बाद". जिथून उजेड येतो तिथून जंतू जातो. या निकालावर अपील नव्हतं. डॉक्टर असले तरी नव्हतं. बाद झालेल्या परकराची नाडी काढून त्याला ती हातात धरायचे बंद लावायची आणि बऱ्या होऊन घरी जाणाऱ्या पेशंटला एक्स-रे, गोळ्या ठेवायला द्यायची. त्या भागातल्या बाजारात हिरवी पिशवी घेतलेला माणूस दिसला की ओळखावं, याचं कुठलं तरी हाड दाजींनी बांधलंय.

त्या वर्षी मे महिन्यात परकर संपत आले. काजू, आंबे, फणस आणि जांभळं यांच्या नादात झाडावरून पडणाऱ्यांचा तो हंगाम. एकच धड परकर उरला होता. नव्यासाठी कापडाचा तागा काढायला पद्मा स्टुलावर चढली, माळ्यावर हात घातला आणि ताग्यासकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं. तागा शाबूत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोल्हापूरहून भाड्याची गाडी घेऊन पोचलो. पद्मा बायकांच्या वॉर्डात, खिडकीखालच्या खाटेवर होती. पायाला वजन टांगलं होतं.

"आलास?" ती म्हणाली. "गाडी कुणाची?"

"भाड्याची. तुला न्यायला. कोल्हापूरला मोठ्या हॉस्पिटलात खोली सांगून ठेवलीय."

"खोलीत टीव्ही आहे?"

"आहे."

"मग तू जा."

दाजी पायथ्याशी एक्स-रे हातात धरून उभे होते. तोच एक्स-रे ते परत परत उजेडावर धरत होते. हाड तेवढ्यात जुळलं असेल, अशी आशा असावी.

"अण्णा बरोबर सांगतायत, पद्मा," ते म्हणाले. "तिथं सगळी सोय आहे. भूल द्यायला मोठी माणसं आहेत. तुझी हृदयाची झडप..."

"माझी झडप लग्नाआधीपासूनची आहे. तुम्ही नंतर आलात."

"म्हणूनच सांगतोय. आणि तिथं मशीन चांगलं आहे."

"इथलं वाईट आहे?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलं?"

दाजींनी एक्स-रे खाली केला. "सर्जननं आपल्या माणसावर हात टाकू नये, असा संकेत आहे."

"आणि ही कुणाची?" पद्मानं शेजारच्या खाटेकडं बोट केलं.

त्या खाटेवर भागूबाई कोकरे होत्या. धनगरवाड्यावरून त्यांना चादरीची डोली करून खाली आणलं होतं. म्हशीनं ढुसणी दिली आणि पद्माचं मोडलं होतं तेच हाड यांचं मोडलं होतं. कालपासून त्या म्हशीच्या बाजूनं बोलत होत्या. आता मात्र त्यांनी मान वळवून आम्हा तिघांना नीट न्याहाळलं.

"बाईसाब कोल्लापूरला निघाल्या व्हय?" त्यांनी विचारलं.

"अजून ठरलं नाही, आजी," दाजी म्हणाले.

"ठरलं तर मला बी त्याच गाडीत घाला. मागं बसंन मी."

"तुमचं ऑपरेशन आज इथंच करायचंय. काळजी करू नका, चांगलं होतंय."

"चांगलं हुतंय तर बाईसाब कशापायी चालल्या?"

मी आयुष्यभर पेपरात लोकांची टिंगल करून पोट भरलं आहे. समोरच्याला निरुत्तर कसं करावं, याच्यावर मी दोन वेळा व्याख्यानही दिलं आहे. पण एवढं आखूड वाक्य मला कधी सुचलं नाही. दाजींनी एक्स-रे परत उजेडावर धरला. मी खिडकीबाहेर, भाड्याच्या गाडीकडं बघत राहिलो. गाडीचा ड्रायव्हर टपावर कोपर ठेवून जांभया देत होता.

"आधी हिला घ्या," पद्मा म्हणाली. "परकर एकच आहे. हिचं उरकलं की धुवायचा, या उन्हात घटकेत वाळतोय, वाफेवर टाकायचा आणि संध्याकाळी मला घ्यायचं. भूलवाले डॉक्टर गडहिंग्लजवरून आलेच आहेत, त्यांचाही हेलपाटा वाचंल. अण्णा, गाडी परत पाठव. उगीच उन्हात तापत ठेवलीस."

मी दाजींना बाहेर व्हरांड्यात गाठलं.

"दाजी, तुम्ही नवरा आहात. सांगा की तिला."

"तुम्ही भाऊ आहात. तुम्ही सांगून बघितलंत ना?"

"तुमचा हात थरथरला तर?"

"थरथरणार," दाजी म्हणाले. "म्हणून तर मशीन घेतलं." आणि हात धुवायला गेले.

मी गाडी परत पाठवली.

थोड्या वेळानं आतून ओळखीची हाक आली, "सिस्टर, परकर!" आणि मग मशीनचा आवाज सुरू झाला. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत कुणी तरी फळीला भोकं पाडतंय. पद्मा डोळे मिटून ऐकत होती.

"हे भोक झालं," ती म्हणाली. मशीन थांबलं. "आता स्क्रू." परत आवाज. "हे दुसरं. सरळ गेलं बघ. वाकडं जायला लागलं की हे मधेच थांबतात."

"तुला इथून कळतंय?"

"इतकी वर्षं हेच ऐकतेय. आमच्याकडं रेडिओ कुठाय?"

भागूबाई झोकात बाहेर आल्या. कमरेखालचं अंग बधिर होतं, तोंड नव्हतं. "म्हशीचं दूध काडलं का कुनी?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दाजी त्यांच्या मागोमाग आले, डोक्यावर अजून थिएटरातली टोपी. चेहरा मोकळा दिसत होता. अवघड काम सरळ झालं की तो तसा दिसायचा.

दुपारी रुक्साना सिस्टर वाळलेला परकर घेऊन आली. पद्मा पडूनच होती, पण खिडकी डोक्याशीच होती. तिनं दोन्ही हातांनी परकर ताणून उजेडावर धरला. दाजी तिच्या उशाशी, मागं उभे होते. ती बघत राहिली. एरवी तिला एवढा वेळ लागत नसे. कापड तिनं फिरवलं, उलटं केलं, परत सुलटं केलं.

"बाद," ती म्हणाली.

"कुठं, भाभी?" रुक्साना सिस्टर पुढं वाकली.

"नाडीच्या खाली. बोटभर."

"मला तर काही..."

"तुझं वय झालं."

मीही मान पुढं काढली, तोवर तिनं परकराची घडी घातली होती. "तुला काय दिसणार, अण्णा? तुला आमटीतला खडा दिसत नाही."

"पद्मा," दाजी म्हणाले, "आजच्या दिवस..."

"भागूबाईंसाठी असता तर म्हणाला असतात, आजच्या दिवस?"

दाजी तिच्याकडं बघत राहिले. तीही मान वर करून, उलट्या बाजूनं त्यांच्याकडं बघत होती. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"नाही," ते म्हणाले.

"मग झालं. भूलवाल्या डॉक्टरांना म्हणावं, आज मुक्काम करा, उद्या सकाळी बघू. रुक्साना, भाकरी आण. ऑपरेशन, ऑपरेशन करून सकाळपासून उपाशी मारलंय मला. अण्णा, घरी जा आणि माझं हातमशीन उचलून आण. तागा पण. ह्यांना शिवायला बसवते."

"मला?" दाजी म्हणाले.

"नाहीतर कुणाला? शिंप्याला दिला तर परत खिसा लावंल."

असं ते दुपारचं प्रकरण सुरू झालं. खाटेला लागून टेबल, टेबलावर शिलाईचं हातमशीन, आणि त्याच्यासमोर स्टुलावर तालुक्यातले एकमेव सर्जन. स्टूल घरून आणलेलं तेच, ज्याच्यावरून पद्मा पडली होती.

"कापताना दया करू नका," पद्मा सांगत होती. "दया केली की कड वाकडी येते."

दाजींनी कड कापली. ती सरळ आली. मग त्यांनी शिवण घातली.

"ही काय शिवण म्हणायची, का आंबोलीचा घाट?"

"कापड सरकतंय."

"हाड सरकत नाही होय? तिथं कसं धरता?"

"तिथं सिस्टर धरते."

"इथं कुणी धरणार नाही. डावा हात ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा. उसवा ती. चूक ठेवून पुढं जायचं नाही."

ते उसवत होते, परत घालत होते. दर चार बोटांवर दोरा तुटत होता. दोरा तुटला की दाजी सुईच्या नेढ्याशी नाक नेऊन बसत. बारीक रक्तवाहिनी चिमट्यात पकडणारा तो माणूस, पण चाळिशी उलटल्यावर सुईपुढं सगळ्यांची जात एकच. पद्मा पडल्यापडल्या हात लांब करायची, दोऱ्याचं टोक दातांनी कुरतडायची आणि चष्म्याशिवाय, बघितल्या न बघितल्यासारखं करून, एका फटक्यात ओवून द्यायची.

"तोडायचं काम सर्जनचं," ती म्हणायची, "ओवायचं माझं."

"ह्येच्यापरीस कमी येळात मी म्हस धुती," भागूबाईंनी शेजारून मत दिलं.

एक परकर कसाबसा पुरा झाला. पद्मानं तो बघितलाही नाही. "आता मोडा आणि परत शिवा," ती म्हणाली. "ह्या वेळी मी बोलणार नाही. तुम्ही सांगायचं, मी ऐकणार."

"अगं, चांगला झालाय की," मी म्हणालो. "परीक्षा आहे काय उद्या?"

"रोजच असते," ती म्हणाली.

मग शाळेतल्या पोरानं पाढे म्हणावेत तसे दाजी म्हणू लागले. आधी कड आत दुमडायची. मग पहिली शिवण. मग कापड उलटवायचं, पहिली शिवण पोटात घेऊन दुसरी घालायची. नाडीची जागा शेवटी. खिसा लावायचा नाही. यावर वॉर्डातल्या सगळ्या बायका हसल्या. पद्माही हसली, आणि हसताना तिला पायात कळ आली, तर दाजी शिवणं सोडून उठायला लागले.

"बसा," ती म्हणाली. "शिवणीच्या मधे उठत नसतात."

एक सांगायचं राहिलं. आम्ही जैन. सूर्य बुडायच्या आत जेवायचं, मग पाणीसुद्धा नाही. ऑपरेशनं लांबली की दाजींचं जेवण हुकायचं, आणि दाजींचं हुकलं की पद्माचंही हुकायचं. म्हणून हॉस्पिटलात सूर्यावर नजर ठेवायचं काम रुक्साना सिस्टरकडं होतं. रमजानात ती सूर्य बुडायची वाट बघायची आणि उरलेलं वर्षभर साहेबांसाठी तो बुडू नये म्हणून धडपडायची.

"साहेब, चालला," ती दारातून म्हणाली. तिच्या हातात ताट होतं.

"एवढी शिवण," दाजी म्हणाले. दोन्ही हात गुंतलेले.

पद्मानं ताट छातीवर ठेवून घेतलं, भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि हात लांब करून घास त्यांच्या तोंडापाशी धरला. भर वॉर्डात. आमच्या घराण्यात असलं काही लग्नाच्या पंगतीतच होतं, तेही नाव घ्यायच्या अटीवर. दाजींनी इकडं तिकडं बघितलं आणि तोंड उघडलं. असे घास घेत घेत त्यांनी ती शिवण संपवली. भागूबाईंनी तेवढा वेळ, कुणी न सांगता, भिंतीकडं तोंड करून घेतलं होतं.

खिडकीत शेवटचा उजेड होता. पद्मानं नवा परकर त्यावर धरला. या वेळीही तिला वेळ लागला. दाजी हातांची घडी घालून उभे होते.

"देखणा नाही," ती म्हणाली. "पण पास."

त्या माणसाला एवढा खूश झालेला मी कधीच बघितला नव्हता. लग्नातही नाही, आणि तिथं मी अगदी जवळ उभा होतो. नवा परकर ते स्वतःच वाफेवर टाकायला घेऊन गेले. रुक्साना सिस्टरला हातही लावू दिला नाही.

ते गेल्यावर पद्मा मला म्हणाली, "बघितलंस? हात गुंतलेले असले की माणूस बरा असतो."

"आणि मोकळे असले की?"

"मोकळे ठेवायचेच कशाला?" ती म्हणाली आणि मला चादर नीट करायला लावली.

पहाटे पद्मा गेली.

मोडलेल्या पायातली रक्ताची गुठळी वर जाऊन फुप्फुसात अडकली, असं भूलवाल्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. आदल्या संध्याकाळी ऑपरेशन झालं असतं तरी असं झालं असतं, कदाचित टेबलावरच झालं असतं, कदाचित झालंही नसतं. सांगता येत नाही, असं ते दोनदा म्हणाले. दाजी तिथंच होते. पायाला टांगलेलं वजन सोडवत होते.

मशीन तिला लागलंच नव्हतं. पण बाजारात अकरा वाजेपर्यंत ठरलं होतं की सुताराच्या मशीननं डॉक्टरची बायको मारली. हे सांगायला आलेल्या एका बाईला भागूबाईंनी खाटेवरूनच असलं काही सुनावलं, की ते मी इथं लिहू शकत नाही. स्मशानात बरीच माणसं आली. बाजाराचा दिवस होता, लोक तसेच आले होते. ज्याच्या त्याच्या हातात हिरवी पिशवी. कुणाच्या पिशवीतून कोथिंबीर बाहेर आलेली, कुणाच्या पिशवीत सुकट. पिशवी खाली ठेवावी की हातात धरावी, हे कुणाला कळत नव्हतं. मग त्यांनी त्या छातीशी धरल्या.

मी तिथंच राहिलो. दाजी दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात फेरी मारायचे, टाके बघायचे, घरी यायचे आणि सूर्यास्ताच्या आत ताटावर बसायचे. रुक्साना सिस्टर "चालला" म्हणून सांगायची. ते "हो" म्हणायचे. थिएटर बंद होतं. येणाऱ्यांना ते कोल्हापूरची चिठ्ठी देत होते.

भागूबाई घरी जायचा दिवस आला. चालायला दिलेला चौकोनी घोडा धरून त्या स्वतः चालत अंगणात आल्या आणि जीपची वाट बघत बाकावर बसल्या. ऊन रणरणत होतं. रुक्साना सिस्टरनं रिवाजाप्रमाणं त्यांना पिशवी आणून दिली. तोच परकर होता, त्यांच्या ऑपरेशनचा, पद्मानं बाद केलेला. नाडी अजून तशीच होती. ती काढून बंद लावणारं आता कुणी नव्हतं.

भागूबाईंनी एक्स-रे मांडीवर घेतला. पिशवी उलटसुलट केली. आणि धनगर उन्हापावसात घोंगड्याची खोळ घेतात तशी ती सरळ डोक्यावरून खाली ओढली. तोंड, मान, सगळं आत. वरून वैशाखातलं ऊन.

"आजी, गुदमराल," मी म्हणालो.

"गप की रं." पिशवीतून आवाज आला. मान इकडं तिकडं फिरली. वर झाली, सूर्याकडं. "लई ग्वाड अंधार हाय आत." पिशवी परत एकदा गोल फिरली. मग, "बाईसाब भोक कुठलं म्हनत हुत्या रं? हितं एक चांदनी दिसंना."

रुक्साना सिस्टर पायरीवर उभी होती, ती आत निघून गेली.

मी दाजींकडं बघितलं. ते खांबाला टेकून उभे होते.

"दाजी."

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "मी तिच्या उशाशी उभा होतो. मलाही दिसतं, अण्णा. सुई दिसत नाही, पण उजेड दिसतो."

"मग बोलला का नाहीत?"

दाजी भागूबाईंकडं बघत होते. भागूबाई खोळ घेऊन शांत बसल्या होत्या, झोपल्या असाव्यात.

"इतक्या वर्षांत ती कधी खोटं 'पास' म्हणाली नाही," ते म्हणाले. "खोटं 'बाद' पहिल्यांदा म्हणाली. मला वाटलं, भ्याली. संध्याकाळपर्यंत धीर येईल. मग तिनं हातमशीन आणायला सांगितलं, आणि मला कळलं की भ्यालेली नाही, मागं माझ्या हातांची सोय लावतेय." त्यांनी खांबावरून पाठ काढली. "तेव्हा बोलायला पाहिजे होतं. बोललो असतो तर ती गप टेबलावर आली असती. पण ती मला शिवायला शिकवणार होती. मला वाटलं, एक दुपार. एका दुपारनं काय होतंय."

जीप आली. भागूबाईंनी खोळ काढली, घडी घालून पोटाशी धरली. दाजींनी त्यांना हात देऊन चढवलं. दाजींच्या गालावरून हात फिरवून त्यांनी आपल्या कानशिलावर बोटं मोडली, तेवढंच.

त्याच दुपारी सासुरवाडीला आलेल्या एका जावयाला आणलं. सासूला जांभळं काढून देतो म्हणून चढला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, आणि घाटापलीकडून आणलेला; कोल्हापूरपर्यंत न्यायच्या अवस्थेत नव्हता. रुक्साना सिस्टर दारात येऊन उभी राहिली.

"साहेब, वाफेवरचा तो एकच आहे," ती म्हणाली. "भाभींसाठीचा."

दाजींनी जावयाचा एक्स-रे उजेडावर धरला. मग म्हणाले, "काढा. आणि सकाळी लवकर घेऊ. दुसरा हाताशी असलेला बरा."

ते घरी आले. हातमशीन खिडकीशी ओढलं. ताग्यातलं कापड काढून कापलं. कड सरळ आली, दया केली नव्हती. कड आत दुमडली. मी दाराशी खुर्चीवर पेपर उघडून बसलो होतो. वाचत नव्हतो. हँडल फिरल्याचा आवाज येईल, म्हणून ऐकत होतो. आला नाही. खूप वेळ आला नाही. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार, आणि मी उठून त्यांच्या पाठीशी गेलो. काय बोलायचं ते मनाशी जुळवत गेलो. काहीतरी मोठं, धीराचं.

दाजी मशीनवर वाकले होते. चिमटीत दोरा होता. टोक चावून चावून भिजलं होतं.

"अण्णा," मागं न बघता ते म्हणाले, "चष्मा आहे काय जवळ? जरा एवढा दोरा ओवून द्या."